रसिक, भाविक आणि ग्राहक : रविवर्मा यांचा छापखाना व आधुनिक भारतीय कलावंताचा प्रेक्षकशोध

१

संस्कृत काव्यशास्त्राने काव्याचा अधिकारी म्हणून ‘सहृदय’ या संकल्पनेची प्रतिष्ठापना केली. काव्याच्या परिशीलनाने ज्याचे मन तयार झालेले आहे, कवीच्या अनुभवाशी जो तन्मय होऊ शकतो, असा हा वाचक होय. मात्र ही संकल्पना एक गोष्ट गृहीत धरून चालते : कलाकृती सहृदयापर्यंत पोचलेली आहे. ती कशी पोचते, कोण पोचवतो, त्यासाठी कोण किती किंमत मोजतो आणि या प्रवासात कृतीचे काय होते, हे प्रश्न काव्यशास्त्राच्या कक्षेबाहेर राहिले. राजसभा, मंदिर, मठ, कीर्तन, जत्रा या संस्थांनी ते आपापल्या परीने सोडवलेले असल्यामुळे शास्त्रकारांना ते प्रश्न वाटलेच नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली. मुद्रणयंत्र, आगगाडी, टपाल आणि छायाचित्रण यांच्या योगाने कलावंताला न दिसणारा, न भेटणारा, निरनिराळ्या भाषा बोलणारा असा प्रेक्षकवर्ग शक्यतेच्या टप्प्यात आला. त्याच सुमारास जुना राजाश्रय आटू लागला होता. कलावंतासमोर आता दुहेरी काम उभे राहिले. कृती निर्माण करणे हे एक, आणि तिचा प्रेक्षक निर्माण करणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाकडे आपल्या समीक्षेने बहुधा संशयाने पाहिलेले आहे. मराठीत ‘बाजारू’ हे विशेषण एकदा लावले की कृतीविषयीची चर्चा संपते, यावरून या संशयाची खोली कळते.

प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या कामाचा विचार मुख्यतः राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या शिळामुद्रण व्यवसायाच्या आधारे करावयाचा आहे. त्याच्या जोडीला हरि नारायण आपटे, देवकीनंदन खत्री, सुब्रह्मण्य भारती आणि यामिनी रॉय यांची उदाहरणे तुलनेसाठी घेतली आहेत. कलावंताने प्रेक्षकापर्यंत जाण्यासाठी निवडलेला मार्ग कृतीच्या बाहेर राहत नाही, तो कृतीच्या घडणीत उतरतो, आणि म्हणून त्याचे परीक्षण अर्थशास्त्राइतकेच समीक्षेचेही काम आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२

रविवर्मा यांची कारकीर्द घडली ती दरबारी चित्रकार म्हणून. त्रावणकोरमधील किळिमानूर येथील घराण्यात जन्म, त्रिवेंद्रमच्या राजवाड्यात तैलरंगाची ओळख, १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात पदक आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात पारितोषिक, हे तिचे पहिले टप्पे होत. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने त्यांना बडोद्याला पाचारण झाले. पुढे तेथील लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रे काढण्याचे काम मिळाले आणि १८९० पर्यंत ती पूर्ण झाली. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे गेली व तेथेही ती पदकांची मानकरी ठरली.

या क्रमात प्रदर्शन हा दुवा महत्त्वाचा आहे. दरबारातील चित्र हे निमंत्रितांनी पाहावयाचे असते. प्रदर्शनातील चित्र अनोळखी माणूस पाहतो, पण त्याला ते घरी नेता येत नाही. बडोद्याची पौराणिक चित्रे राजवाड्यात विसावण्यापूर्वी लोकांसमोर मांडली गेली, तेव्हा पाहणाऱ्यांची झुंबड उडाली आणि चित्रांच्या छायाचित्रप्रतींना मागणी आली. मागणी अशी डोळ्यांसमोर उभी राहिली. ती भागवण्याचे साधन तेवढे कलावंताच्या हाती नव्हते.

ते साधन कोणते असावे, हे आधीच एका राजकारण्याने सुचवलेले होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषवलेले, तंजावरच्या मराठी परंपरेतून आलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्मा यांना सल्ला दिला होता की, एका चित्रकाराने एकेका मागणीदाराला पुरे पडणे शक्य नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्याव्यात. माधवरावांच्या सल्ल्यात कीर्ती आणि लोकसेवा या दोहोंचा विचार होता. कारभारी माणसाने कलाकृतीच्या प्रसाराकडे सार्वजनिक कार्य म्हणून पाहावे, ही गोष्ट त्या काळाच्या मनोवृत्तीची द्योतक आहे.

सल्ला अमलात आला तो वेगळ्या रूपात. चित्रे युरोपात पाठवण्याऐवजी यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आणवले गेले आणि १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हे त्याचे पहिले मुद्रण मानले जाते. रविवर्मा यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा हे स्वतः चित्रकार असूनही व्यवहाराची बाजू सांभाळत. त्यांची १८९५ ते १९०४ या काळातील रोजनिशी २००५ मध्ये प्रकाशित झाली. या बंधूंनी किती प्रवास केला, किती दरबारांत मागण्यांची वाट पाहिली, छापखान्याची चिंता त्यांना कशी पोखरत होती, याचे प्रत्यक्ष साक्षीपुरावे तीत आढळतात.

रविवर्मा हे या व्यवसायातील पहिले नव्हेत, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने चित्रशाळा स्थापन झाली. त्याच वर्षी कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची प्रभृतींनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू केला. ‘निबंधमाले’चा कर्ता चित्रांच्या छापखान्यात लक्ष घालतो, याचा अर्थ आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेसा लावलेला नाही. निबंध वाचणारे मूठभर होते. रामपंचायतन किंवा पेशवाईतील पुरुषांची चित्रे पाहण्यासाठी साक्षरतेची अट नव्हती. स्वत्वाची जाणीव भिंतीवर टांगता येते, हे चिपळूणकरांनी ओळखले होते. रविवर्मा यांनी या वाटेत भर घातली ती दरबारी तैलचित्राच्या प्रतिष्ठेची. राजवाड्यातल्या चित्राचेच प्रतिरूप आपल्या घरी आहे, हे समाधान चित्रशाळेच्या चित्राला देता येत नव्हते.

३

तैलचित्राची छापील प्रत ही त्याची नक्कल असते, असे सामान्यतः समजले जाते. शिळामुद्रणाची प्रक्रिया पाहता हा समज टिकत नाही. रंगीत शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी लागते. मूळ चित्र समोर ठेवून कारागीर त्याचे रंगांत पृथक्करण करतो, प्रत्येक रंगाचा अंश आपल्या हाताने शिळेवर उतरवतो, आणि मग एकाच कागदावर एकामागून एक रंगांचे ठसे नेमके एकावर एक बसवले जातात. तैलरंगातील छायाप्रकाशाची सलग उतरण येथे ठिपक्यांत आणि थरांत मोडली जाते. चेहऱ्यावरची हलकी सावली रेषेत आवळली जाते. पार्श्वभूमीची खोली कमी होते आणि आकृती पुढे येते.

तौलनिक साहित्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे भाषांतर आहे. भाषांतरकार अनामिक आहे, लक्ष्यभाषेचा शब्दसंग्रह मर्यादित आहे, आणि वाचक मूळ संहितेपर्यंत कधीच जाणार नाही. भाषांतराचे असे गणित मूळ लेखकाला ठाऊक असेल, तर तो मूळ संहिताच भाषांतरसुलभ लिहू लागतो. रविवर्मा यांच्या १८९४ नंतरच्या अनेक देवताचित्रांत हेच घडलेले दिसते. लक्ष्मी किंवा सरस्वती समोरून दिसते, मध्यभागी असते, तिची आयुधे व वाहन सहज ओळखू येतात, नजर पाहणाऱ्याकडे वळलेली असते. बडोद्याच्या चित्रमालेतील शंतनू आणि मत्स्यगंधा यांच्यासारख्या चित्रांत दोन पात्रांमधील ताण हा चित्राचा विषय होता आणि प्रेक्षक त्या प्रसंगाचा त्रयस्थ साक्षी होता. देवताचित्रात मात्र प्रसंग उरत नाही. तेथे प्रेक्षक आणि मूर्ती यांच्यात दर्शनाचे नाते जुळते.

या एका बदलात प्रेक्षकाच्या तीन भूमिका एकत्र येतात. तो चित्र विकत घेतो म्हणून ग्राहक असतो, चौकटीत बसवून हार घालतो म्हणून भाविक असतो, आणि त्यातील सौंदर्याने सुखावतो म्हणून रसिकही असतो. चित्रांवर जरीचे तुकडे, टिकल्या, कापड चिकटवून त्यांना सजवण्याची प्रथा पुढे पडली. ती या तिहेरी नात्याची खूण आहे, कारण सजवणारा माणूस चित्राला पूर्ण झालेली कृती मानत नाही. आपल्या सेवेने तो ते पुरे करतो. ‘सहृदय’ या संकल्पनेत या हाताच्या कामाला जागा नव्हती.

विषयाची निवडही याच हिशेबात पाहावी लागते. कादंबरीकाराचा बाजार भाषेच्या सीमेशी थांबतो. चित्राला ती सीमा नाही, पण वेशभूषेची आहे. मल्याळी, मराठी, बंगाली, राजस्थानी घरांत एकच दमयंती टांगावयाची तर तिने नेसावे काय? रविवर्मा यांनी शोधलेले उत्तर म्हणजे साडी. दख्खनी धाटणीचे नेसण, दक्षिणी दागिने आणि युरोपीय चित्रकलेतील देहयष्टी यांच्या मिश्रणातून त्यांनी कोणत्याच एका प्रांताची नसलेली आणि म्हणून सर्व प्रांतांना आपली वाटणारी पौराणिक स्त्री घडवली. शकुंतला, दमयंती, सीता, द्रौपदी या कथांची निवडही अशीच आहे. आधीच सर्वांना ठाऊक असलेली कथा घेतली की चित्राला स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. अखिल भारतीय बाजाराच्या गरजेतून अखिल भारतीय प्रतिमा जन्माला आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मात्र या सर्वसमावेशकतेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ही स्त्री गौरवर्णी आहे, उच्चवर्णीय घरातील आहे, तिच्या देहावर श्रमाची खूण नाही. या चित्रांमुळे मंदिराची दारे ज्यांना बंद होती त्यांच्या घरी देव पोचला, असे गौरवाने सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. रविवर्मा यांच्या त्रावणकोरमध्ये मंदिरप्रवेशाची घोषणा झाली ती १९३६ मध्ये, आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला १९३० मध्ये. त्यापूर्वी तीन-चार दशके देवाचे चित्र पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळत होते, विक्रेता जात विचारीत नव्हता. बाजाराने येथे धर्मसंस्थेला मागे टाकले. पण त्याच बाजाराने, देव कसा दिसतो याचे उत्तर एकाच वर्णाच्या आणि एकाच वर्गाच्या चेहऱ्यात गोठवले, हेही तितकेच खरे. दार उघडले, पण आत कोणाचा चेहरा दिसणार हे आधीच ठरलेले होते. प्रेक्षकापर्यंत पोचण्याच्या यशाचे मूल्यमापन करताना हे दोन्ही परिणाम एकत्र मांडावे लागतात.

४

छापखान्याचा हिशेब मात्र जमला नाही. मुंबईतील प्लेगची साथ, यंत्रे व परदेशी कारागिरांचा खर्च, स्पर्धक छापखाने आणि मालक सतत प्रवासात असल्याने येणारी ढिलाई यांमुळे कर्ज वाढत गेले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवला गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकण्यात आला. चित्रांच्या प्रतिमुद्रणाचे हक्कही त्याच्याकडे गेले. पुढे व्यवसाय भरभराटीला आला, कॅलेंडरे, कापडाच्या गठ्ठ्यांवरील छापे, जाहिराती यांतून या प्रतिमा सर्वत्र पसरल्या, पण त्याचा लाभ चित्रकाराला झाला नाही. प्रेक्षक कलावंताने मिळवला आणि बाजार दुसऱ्याने, असा हा व्यवहार झाला. १९७२ मध्ये हा छापखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला.

या वास्तूशी आणखी एक सूत्र जोडलेले आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी लोणावळ्याच्या या छापखान्यासाठी काम केले होते. चित्राचे रंगांत पृथक्करण करण्याची आणि परिचित पुराणकथेला यंत्राच्या साहाय्याने असंख्य डोळ्यांपर्यंत नेण्याची जी दृष्टी तेथे होती, तिची पुढची पायरी ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये दिसते. फाळके यांनीही कथा निवडली ती सर्वांना पाठ असलेलीच. नवे माध्यम आणि जुनी कथा हे समीकरण त्यांना सिद्ध स्वरूपात मिळालेले होते.

आर्थिक अपयशापेक्षा समीक्षेतील अपयश अधिक काळ टिकले. १८९० च्या दशकात बलेंद्रनाथ ठाकुर यांच्यासारख्या बंगाली लेखकाने रविवर्मा यांच्याविषयी गौरवाने लिहिले होते. दहा-पंधरा वर्षांत वारे फिरले. ई. बी. हॅवेल, भगिनी निवेदिता, आनंद कुमारस्वामी यांनी त्यांच्या चित्रांना अभारतीय, नाटकी आणि अध्यात्महीन ठरवले. अवनींद्रनाथांच्या नव्या चित्रशैलीच्या पुरस्कारासाठी हा नकार आवश्यक होता. या आक्षेपांतील एक विसंगती उल्लेखनीय आहे. नव्या शैलीचा प्रसार झाला तो रामानंद चटर्जी यांच्या ‘प्रवासी’ (१९०१) आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ (१९०७) या मासिकांतील रंगीत प्रतिमुद्रणांमधून. यंत्र तेच होते, ग्राहक मात्र वेगळा होता. रविवर्मा यांची प्रत बाजारातून सुटी विकत घेतली जाई, तर अवनींद्रनाथांची प्रत वर्गणीदाराच्या घरी लेख आणि टीपांसह टपालाने येई. पहिला ग्राहक ‘लोक’ ठरला आणि दुसरा ‘रसिक’. म्हणजे आक्षेप प्रतिमुद्रणावर नव्हता, तो समीक्षकाच्या मध्यस्थीवाचून झालेल्या भेटीवर होता.

अलीकडच्या अभ्यासाने या नकाराची फेरतपासणी केली आहे. गीता कपूर यांनी रविवर्मा यांच्या चित्रांतील प्रातिनिधिकतेचे पेच उलगडले, तपती गुहा-ठाकुरता आणि पार्थ मित्तर यांनी राष्ट्रीय कलाविचाराच्या घडणीत त्यांचे स्थान दाखवून दिले, ख्रिस्तोफर पिनी यांनी छापील देवचित्रांचा राजकीय इतिहास मांडला, तर काजरी जैन यांनी बाजार आणि पावित्र्य हे परस्परविरोधी मानण्याच्या सवयीलाच आव्हान दिले. या अभ्यासाने रविवर्मा यांना पुन्हा प्रतिष्ठा दिली. तथापि त्याचे लक्ष प्रतिमेच्या प्रवासावर आणि तिच्या ग्रहणावर अधिक आहे. कलावंताने स्वतः घेतलेले व्यवहाराचे निर्णय, त्यांतील जोखीम आणि त्यांचे निर्मितीवर उमटलेले ठसे यांची चर्चा साहित्यव्यवहाराच्या शेजारी ठेवून करावयाची राहते.

५

रविवर्मा यांनी आपला छापखाना उभारला त्याच्या आगेमागे भारतीय भाषांतील लेखकही स्वतःची माध्यमे उभी करीत होते. बंकिमचंद्रांनी १८७२ मध्ये ‘बंगदर्शन’ काढले आणि त्यातूनच ‘विषवृक्ष’ क्रमशः प्रसिद्ध केली. मराठीत हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले. ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’ ही कादंबरी या साप्ताहिकातून वाचकांच्या हाती हप्त्याहप्त्याने पडत गेली. पत्राचे नाव ‘करमणूक’ आणि त्यातील कादंबरीचा विषय बालविवाह व केशवपन यांनी होरपळलेल्या स्त्रीचे आयुष्य, या दोहोंतील अंतर विचार करण्याजोगे आहे. आपट्यांनी ग्राहकाला दिलेले वचन मनोरंजनाचे होते. त्या वचनाच्या आधाराने त्यांनी ग्राहकाला आपल्याच घरातील दुःखापुढे आणून बसवले. कथनाची प्रथमपुरुषी, घरगुती, बोलकी धाटणी घराघरात वाचून दाखवल्या जाणाऱ्या साप्ताहिकाला साजेशी आहे. प्रसाराचे माध्यम येथे निवेदनाच्या सुरात उतरले आहे.

हिंदीत देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्या यशावर त्यांनी १८९८ मध्ये बनारसला लहरी प्रेस स्थापन केला. खत्रींनी मिळवलेला वाचक हा बहुतांशी आधी हिंदीचा वाचकच नव्हता. रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्येतिहासात खत्रींनी जितके हिंदी वाचक निर्माण केले तितके अन्य कोणी केले नाहीत असे मान्य केले, आणि त्याच वेळी त्यांच्या कादंबऱ्यांना साहित्यकोटीत जागा नाकारली. रविवर्मा यांच्याबाबतीत बंगाली समीक्षेने जे केले त्याचेच हे साहित्यातील प्रतिरूप होय. प्रेक्षक घडवण्याचे श्रेय द्यावयाचे, पण ते कलाबाह्य कार्य म्हणून द्यावयाचे, ही समीक्षेची सवय भाषा व माध्यम ओलांडून एकसारखी दिसते. भाषेच्या सर्वसाधारण वाचकाविना श्रेष्ठ साहित्याचा वाचक कोठून येणार, हा प्रश्न तिने टाळला आहे. खत्रींच्या वाचकाविना पुढच्या पिढीतील प्रेमचंदांचा वाचक कल्पिता येत नाही.

या मालिकेत सर्वांत करुण आणि सर्वांत बोधप्रद उदाहरण तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती यांचे आहे. पाँडिचेरीतील दीर्घ वास्तव्यानंतर ब्रिटिश हद्दीत परतलेल्या भारतींनी १९२० मध्ये आपल्या समग्र लेखनाच्या प्रकाशनासाठी एक पत्रक काढले. चाळीस पुस्तके, प्रत्येकाच्या दहा हजार प्रती, आणि त्यासाठी मित्रांकडून व्याजाने कर्जाऊ रक्कम, अशी ती योजना होती. रॉकेल आणि आगपेट्या जितक्या सहज खपतात तितक्या सहज आपली पुस्तके खपतील, असा विश्वास त्यांनी त्यात व्यक्त केला. योजना फसली, आणि १९२१ मध्ये भारतींचे निधन झाले.

ही उपमा समीक्षेने गांभीर्याने घेण्यासारखी आहे. रॉकेल आणि आगपेटी या चैनीच्या वस्तू नव्हेत. त्या गरीबाच्या घरातही रोज लागतात, आणि दोन्ही प्रकाश देतात. कवीने आपल्या कवितेची जागा देव्हाऱ्यात किंवा ग्रंथालयात न मागता घरच्या रोजच्या गरजेत मागितली. त्यांच्या काव्यातील सोपी पदरचना, लोकगीतांचे छंद, गाता येणारी लय हे सर्व त्या आगामी वाचकाला उद्देशूनच होते. कविता वाचकासाठी सिद्ध झाली होती, वितरणाची यंत्रणा मात्र नव्हती. रविवर्मा यांच्याजवळ यंत्र होते, चालवण्याची सवड नव्हती. आपट्यांजवळ नियमित अंक आणि वर्गणीदार होते. खत्रींजवळ पुढे काय होणार या उत्सुकतेने बांधलेला ग्राहक होता. भारतींजवळ केवळ पत्रक होते. कर्तृत्वाच्या तुलनेने हा फरक समजत नाही. तो समजतो माध्यमावरील मालकीच्या आणि प्रकाशनाच्या नियमिततेच्या तुलनेने.

भारतींच्या मृत्यूनंतर त्यांची गाणी सभांतून, शाळांतून, चित्रपटांतून पसरली, आणि लेखनाचे हक्क एका हातातून दुसऱ्या हातात गेले. अखेर १९४९ मध्ये मद्रास सरकारने ते हक्क आपल्याकडे घेतले आणि पुढे ते जनतेसाठी खुले केले. एखाद्या कवीचे लेखन शासनाने विकत घेऊन सार्वजनिक करावे, ही घटना असाधारण आहे. कलावंत आणि त्याचा प्रेक्षक यांच्यामध्ये बाजार अपुरा पडला तेथे लोकांच्या मागणीने राज्यसंस्थेला मध्ये आणले. रविवर्मा यांच्या प्रतिमांना असा हक्क कोणी मिळवून दिला नाही. त्यांच्याबाबतीत अनुकरणकारांनी तो परस्पर घेऊन टाकला.

६

यंत्राचा मार्ग नाकारून प्रेक्षकापर्यंत जाता येते काय, या प्रश्नाचे उत्तर यामिनी रॉय (१८८७–१९७२) यांच्या कार्यात शोधता येते. बांकुडा जिल्ह्यातील बेलियातोड येथे जन्मलेल्या या चित्रकाराने कलकत्त्याच्या कलाशाळेत पाश्चात्य पद्धतीचे शिक्षण घेतले, व्यक्तिचित्रे काढून चरितार्थ चालवला, आणि १९२० च्या दशकात तो मार्ग सोडून पटचित्रांच्या रेषेकडे मोर्चा वळवला. कालीघाटच्या पटुआंनी एकोणिसाव्या शतकात यात्रेकरूंसाठी झटपट, स्वस्त, हाती रंगवलेली चित्रे विकली होती. छापील चित्रांच्या स्पर्धेत ती परंपरा लयाला गेली. रविवर्मा यांच्यासारख्यांच्या प्रतींनी जी हस्तपरंपरा बाजारातून हटवली, तिच्याकडे रॉय परतले हा इतिहासातील अर्थपूर्ण उलटा प्रवास आहे.

रॉय यांनी घराचीच कर्मशाळा केली. कुटुंबीयांच्या व सहायकांच्या साहाय्याने एकाच चित्राच्या अनेक हस्तप्रती निघत. रंग साधे व देशी, किंमत जाणीवपूर्वक कमी. एकमेवाद्वितीय मूळ कृती आणि तिची स्वाक्षरी यांवर उभ्या असलेल्या आधुनिक कलाबाजाराचे तत्त्वच त्यांनी नाकारले. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात यांत्रिक प्रतिमुद्रणाने मूळ कृतीचे तेजोवलय लोपते असे मांडले. रविवर्मा यांच्या बाबतीत हे वलय लोपले नाही, कारण भाविकाने ते प्रतीला बहाल केले. रॉय यांच्या बाबतीत ते यंत्राविनाच बाजूला सारले गेले, कारण चित्रकाराने ते स्वतःच नाकारले. युरोपीय सिद्धांताला या दोन भारतीय उदाहरणांनी दोन बाजूंनी मर्यादा घातली आहे.

तरीही रॉय यांची चित्रे ज्या घरांत गेली ती बहुतांशी मध्यमवर्गीय सुशिक्षितांची आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात आलेल्या परदेशी सैनिक व अधिकाऱ्यांची होती. ज्या ग्रामीण कारागिराची रेषा त्यांनी स्वीकारली, तो त्यांचा ग्राहक झाला नाही. रविवर्मा यांची शैली वरच्या वर्गाची, तर प्रेक्षक सर्व थरांतला. रॉय यांची शैली लोकांची, पण प्रेक्षक वरच्या थरातला. कलावंताने लोकांच्या शैलीत काम केले म्हणजे तो लोकांपर्यंत पोचतो, हे समीकरण यामुळे निकालात निघते.

१९७० च्या दशकात भारत सरकारने या दोघांच्याही कृती राष्ट्रीय कलाठेवा म्हणून घोषित केल्या आणि त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. असंख्य प्रतींतून विखुरण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांची मूळ चित्रे आता दुर्मीळ म्हणून जपली जातात. दुर्मीळतेने मूल्य ठरवणारी व्यवस्था विपुलतेच्या उपासकांनाही अखेर आपल्यात सामावून घेते.

७

या तुलनेतून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, प्रेक्षकशोध हा निर्मितीनंतरचा टप्पा नाही. देवतेची समोर वळलेली नजर, आपट्यांच्या यमूचे घरगुती बोलणे, भारतींची गेय पदरचना, रॉय यांची पुनरावृत्तीसुलभ रेषा यांतून तो कृतीच्या शरीरात दिसतो. म्हणून रूपनिष्ठ समीक्षेलाही तो टाळता येणार नाही.

दुसरा निष्कर्ष मालकीविषयी आहे. माध्यम कलावंताच्या हाती असते तेव्हा तो ग्राहकाला दिलेल्या वचनाच्या पलीकडे त्याला नेऊ शकतो, ‘करमणूक’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. माध्यम हातातून जाते तेव्हा प्रतिमा जिवंत राहते, पण तिला पुढे वळण देण्याचा अधिकार कलावंताकडे उरत नाही. लक्ष्मीच्या चित्राखाली कोणत्या वस्तूची जाहिरात छापावी हे पुढे रविवर्मा यांनी ठरवले नाही.

तिसरा निष्कर्ष समीक्षेच्या जबाबदारीविषयी आहे. ‘बाजारू’ हा शब्द वापरताना समीक्षक बहुधा कृतीचा दर्जा सांगत असल्याचा आव आणतो आणि प्रत्यक्षात प्रेक्षकाचा वर्ग सांगतो. रविवर्मा यांची छापील सरस्वती आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’मधील रंगीत चित्रपत्र यांच्यातील फरक या शब्दाने झाकला गेला. याउलट लोकप्रियतेलाच गुण मानणारी नवी समीक्षा, कोणाचा चेहरा सर्वांचा म्हणून विकला गेला, हा प्रश्न विसरते. दोन्ही टोके टाळून पोचण्याचा मार्ग, पोचलेली कृती आणि तिच्या पोचण्याने वगळले गेलेले लोक या तिन्हींचे एकत्र वाचन करणे आवश्यक आहे.

भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात प्रभाव, भाषांतर आणि वाङ्मयप्रकार यांच्या बरोबरीने छापखाना, वर्गणीदार, किंमत आणि हक्क यांचाही इतिहास आला पाहिजे. सहृदय जन्मजात नसतो. कोणीतरी त्याच्या दारापर्यंत कृती आणून देतो, तेव्हा तो होऊ लागतो. पुण्याची चित्रशाळा, मळवलीचा छापखाना, बनारसचा लहरी प्रेस आणि भारतींचे निष्फळ पत्रक यांनी हे काम आपापल्या परीने, बऱ्याच वेळा तोटा सोसून केले. त्या तोट्याची नोंद वाङ्मयेतिहासाने घेणे अद्याप बाकी आहे.